काचेच्या धाग्यावर आमचा काटा

आज बोलायचं आहे ते वायरीबद्दल. तुम्ही म्हणाल, वायरीचं काम तर मिस्त्रीचं, आपल्याला त्यात काय कळतं? आम्हीही असंच म्हणत होतो आणि त्याची किंमत आम्ही मोजली. म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

आमचं सोयाबीन खरेदीचं केंद्र आहे. गावातल्या आणि आजूबाजूच्या गटांच्या बाया तिथं माल आणतात. फाटकाजवळ काटा आहे, त्यापासून ४० मीटरवर ऑफिस, आणि ऑफिसपासून १८० मीटरवर गोदाम. तिन्हीकडे कॉम्प्युटर किंवा प्रिंटर आहे. काट्यावर वजन झालं की पावती निघावी, तोच आकडा ऑफिसच्या हिशोबात जावा आणि गोदामात किती कट्टे आले ते दिसावं, एवढीच आमची गरज. गावात व्यापाऱ्याच्या काट्यावर आपलं वजन कसं बसतं ते तुम्हाला माहीत आहे. छापील पावती हातात पडणं ही आमच्या बायांसाठी मोठी गोष्ट होती.

जोडणी करणाऱ्या माणसानं साधी तांब्याची नेटवर्क वायर खांबांवरून, झाडावरून टांगत नेली. अंतर जास्त पडलं म्हणून मध्ये निंबाच्या झाडाला प्लॅस्टिकचा डबा बांधून त्यात एक छोटा स्विच ठेवला. स्वस्तात झालं म्हणून आम्ही खूश. मग दसऱ्याच्या आधी परतीच्या पावसात संध्याकाळी जवळच वीज पडली. झाडावरचा डबा तर गेलाच, पण गोदामातला कॉम्प्युटर, काट्यावरचा प्रिंटर आणि ऑफिसमधला राउटरही गेला. ऐन हंगामात तीन दिवस वहीवर वजनं लिहिली. त्यात दोघीजणींच्या आकड्यांचा घोळ झाला आणि बोल मात्र आमच्या हिशोब लिहिणाऱ्या ताईला लागला. तिची काही चूक नव्हती. चूक होती ती न विचारता, न आखता टाकलेल्या वायरीची.

त्यानंतर आम्ही ठरवलं, आता समजून घेतल्याशिवाय एक खड्डासुद्धा खणायचा नाही.

तांब्याची वायर कुठं थांबते

तांब्याच्या नेटवर्क वायरीला दोन मर्यादा आहेत. पहिली अंतराची. एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत ती १०० मीटरपर्यंतच भरवशाची. त्यापुढे न्यायची तर मध्ये पुन्हा यंत्र ठेवावं लागतं, आणि उघड्यावरचं यंत्र म्हणजे पाऊस, ऊन, मुंग्या आणि विजेला आमंत्रणच.

दुसरी मर्यादा विजेची. तांबं वीज वाहून नेतं. दोन वेगळ्या इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीत क्षणभर विजेच्या दाबाचा मोठा फरक पडतो आणि तो फरक भरून काढायला वीज त्या बारीक वायरीतून धावते. वायर थेट विजेखाली यावी लागते असंही नाही. म्हणून आम्ही एक नियम पक्का केला: एकाच छपराखाली तांबं चालेल, एका इमारतीतून दुसरीत जाताना मात्र फायबरच. मग अंतर ४० मीटर का असेना.

फायबर म्हणजे काय

फायबर म्हणजे अतिशुद्ध काचेचा धागा. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या पोटात आणखी बारीक, साधारण ९ मायक्रॉनचा गाभा असतो आणि त्यातून उजेड धावतो. उजेडाची उघडझाप सेकंदाला कोट्यवधी वेळा होते, तीच आपली पावती, आपला हिशोब, आपला फोटो.

उजेड धाग्याबाहेर का सांडत नाही, हे पाहायचं असेल तर गटाच्या बैठकीत एक प्रयोग करा. पारदर्शक बाटलीला खालच्या बाजूला भोक पाडा, पाणी भरा, खोलीत अंधार करा आणि भोकाच्या समोरच्या बाजूनं टॉर्च लावा. पाण्याची धार वाकून खाली पडते, तशी तिच्यातून उजेडही वाकत जातो आणि खाली धरलेला तळहात उजळतो. १८४१ च्या सुमारास जिनिव्हात कोलाडॉन नावाच्या शास्त्रज्ञानं हेच दाखवलं होतं. पुढे पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी १९५४ मध्ये काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे नेल्याचं प्रसिद्ध केलं. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड कित्येक किलोमीटर जाऊ शकेल. त्या कामासाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं.

आपल्या कामाची गोष्ट ही, की काच वीज वाहून नेत नाही. गोदामात काहीही झालं तरी त्या धाग्यावरून वीज ऑफिसात येणार नाही.

गावापर्यंत धागा कसा येतो

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्य सरकारनं महानेट नावानं हाती घेतलं. सुरुवातीच्या रचनेत तालुक्याच्या ठिकाणाहून फांद्या फुटत गावोगाव धागा जायचा. अशा रचनेत रस्त्याच्या कामात कुठं जेसीबीचा दात लागला, तर पुढची सगळी गावं बंद. ज्या गावाला एकच रस्ता आणि त्या रस्त्यावरचा पूल वाहून गेला, तशी गत. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात ग्रामपंचायती गोल कड्यानं जोडायचं ठरलं आहे, म्हणजे एकीकडून तुटलं तर दुसऱ्या बाजूनं उजेड पोचेल.

आणखी एक. मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाईल अ‍ॅप सरकारनं सुरू केलं. खोदण्याआधी त्यावर कळवलं की त्या जागेखाली कोणाची केबल, कोणाची पाईपलाईन आहे ते विचारता येतं. नळयोजनेचं किंवा रस्त्याचं काम गावात निघालं की ग्रामसभेत हा प्रश्न आपण बायांनीच विचारायचा.

आधी कागद, मग कुदळ

आम्ही सगळ्यात आधी एका मोठ्या कागदावर आवाराचा नकाशा काढला. फाटक, काटा, ऑफिस, गोदाम, बोअर, डीपी, झाडं, ट्रॅक्टर कुठून वळतो, पाणी कुठं साचतं, सगळं. मग दोरीला मीटरच्या गाठी मारून अंतरं मोजली. डोळ्यानं १२० वाटलेलं गोदाम १८० निघालं!

मग प्रत्येक जागेपुढे लिहिलं: आज इथं काय आहे आणि पाच वर्षांनी काय येईल. गोदामात आज एक कॉम्प्युटर आहे, उद्या दोन कॅमेरे आणि डाळ मिल येईल. म्हणून आज दोन धागे लागत असतानाही आम्ही सहा धाग्यांची केबल घेतली. जास्तीचे चार धागे महाग नसतात. महाग असतं ते पुन्हा नाली खोदणं.

केबल घेताना ‘सिंगल मोड’ मागितली. ही दूरवर चालते आणि पुढे वेग वाढवायचा असेल तर केबल तीच ठेवून टोकांची यंत्रं बदलता येतात. बाजारात लोखंडी पट्टीचं चिलखत असलेली केबलही मिळते. ती मजबूत, उंदरांना दाद न देणारी, पण त्या पट्टीतून वीज येऊ शकते. ती घेतली तर इमारतीत शिरताना पट्टीला नीट अर्थिंग द्यावं लागतं. आमचं दुखणंच विजेचं होतं, म्हणून आम्ही धातू नसलेली केबल घेतली आणि तिच्या संरक्षणासाठी जाड एचडीपीई पाईप टाकला. गोदामात आत, जिथं उंदीर फार, तिथं लोखंडी पाईप. त्या पाईपलाही अर्थिंग दिलं.

काळ्या मातीची खोड

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. वावरात भेगेत हात जातो हे आपल्याला माहीत आहे. ही माती केबल ओढते. म्हणून तीन गोष्टी केल्या. नाली अडीच फूट खोल घेतली आणि ट्रॅक्टर जातो तिथं आणखी खोल. पाईपखाली आणि वर वाळूचा थर दिला, म्हणजे खडा टोचत नाही. आणि दोन्ही टोकांना दहा-दहा मीटर केबल वेटोळं करून ढील ठेवली. कधी तुटली तर त्या ढिलीतूनच नवा जोड घेता येतो.

पाईपावर एक फूट माती टाकल्यावर रंगीत इशारापट्टी अंथरली, म्हणजे पुढे कोणी खोदलं तर आधी पट्टी दिसेल. पाईपमध्ये एक नायलॉनची दोरी तशीच सोडली. पुढे दुसरी केबल न्यायची असेल तर ती दोरीला बांधून ओढायची.

फायबरला वळण तीक्ष्ण चालत नाही, कोपऱ्यात मुडपली तर उजेड बाहेर सांडतो. ओढताना वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या वीसपट हवी, बसवल्यावर किमान दहापट. आमची केबल एक सेंटीमीटर जाड, म्हणजे ओढताना २० सेंटीमीटर त्रिज्या. आम्ही मजुरांना सांगितलं, परातीच्या काठावरून फिरेल असं वळण द्या. ते लगेच कळलं.

उजेडाचा हिशोब

घरखर्चाचा हिशोब करतो तसाच उजेडाचा करायचा असतो. उजेडाची घट डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे उजेड निम्मा. आमच्या टोकाच्या यंत्रांना साधारण १० डेसिबलपर्यंतची घट चालणार होती. आता खर्च बघा. काचेतली घट किलोमीटरला साधारण ०.४, म्हणजे १८० मीटरला ०.०७. दोन जोडांचे ०.१ प्रमाणे ०.२. दोन पिनांचे जास्तीत जास्त ०.५ प्रमाणे १. एकूण झाले १.२७. जमा दहा, खर्च सव्वा. बक्कळ शिल्लक राहते.

मग हा हिशोब करायचा कशाला? तपासणीसाठी. काम झाल्यावर मीटर लावलं आणि सव्वाच्या जागी सहा निघाले, तर समजायचं की कुठंतरी पिन मळलेली आहे, जोड कच्चा आहे किंवा केबल मुडपली आहे. कॉम्प्युटर त्या दिवशी चालेल, पण पुढच्या पावसात बंद पडेल. ‘चालू आहे ना, मग झालं’ असं मिस्त्री म्हणाला तरी आपण आकडा मागायचा.

धाग्यांना रंग असतात, त्यांचा क्रम ठरलेला: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. आमच्या बायांना हा क्रम मिस्त्रीपेक्षा लवकर पाठ झाला. कोणता रंग कुठं जातो ते वहीत लिहून ठेवलं. पिनांमध्येही हिरवी पिन हिरव्यालाच, निळी निळ्यालाच. हिरवीचं टोक तिरकं असतं, ती निळ्यात घातली तर उजेड वाया जातो.

आणि एक सावधगिरी. फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नका. आतला उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. जोड करताना काचेचे बारीक तुकडे पडतात, ते पायात गेले तर दिसतही नाहीत. आम्ही मिस्त्रीला झाकणाची बाटली दिली, तुकडे त्यातच टाकायचे. लेकरांना तिथं येऊ दिलं नाही.

यंत्रांची घडी बसवणं

वायर टाकली म्हणजे निम्मंच काम झालं. घरात ओसरी, स्वयंपाकघर आणि कोठी वेगळी असते. पाहुणा ओसरीवर बसतो, कोठीत जात नाही. नेटवर्कमध्येही तसंच करता येतं, त्याला व्हीलॅन म्हणतात. वायर एकच, पण स्विचच्या आत खोल्या वेगळ्या. मात्र त्यासाठी स्विच ‘मॅनेज्ड’ हवा, सगळ्यात स्वस्तातल्या स्विचला हे जमत नाही. आमच्या चार खोल्या अशा: ऑफिस आणि हिशोब १० नंबरची, काटा आणि प्रिंटर २०, कॅमेरे ३०, आल्यागेल्यांचं वायफाय ४०. पत्तेही तसेच ठेवले. हिशोबाची यंत्रं १९२.१६८.१० नं सुरू होणारी, काट्याची १९२.१६८.२० नं. पत्ता पाहिला की यंत्र कुठलं ते कळतं. कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत जाता येईल ते राउटरमध्ये ठरवलं. काट्याचा आकडा हिशोबात जातो, पण पाहुण्यांच्या वायफायवरून हिशोब उघडत नाही.

प्रिंटरला पत्ता कायमचा दिला. तो रोज बदलला तर पावती छापायला कॉम्प्युटर जुन्याच घरी जाऊन परत येतो. एक कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस खातो, म्हणून कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आवारातच ठेवलं, इंटरनेटवर नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: इंटरनेट गेलं तरी काटा चालला पाहिजे. वजन, पावती आणि हिशोब आवारातल्या आवारात होतात, इंटरनेट आलं की नोंदी वर जातात. काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय उघडतच नाही. ते घेण्याआधी विकणाऱ्यासमोर वायर काढून दाखवायला सांगा.

यंत्रांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलले. गटाच्या पेटीला जशा वेगवेगळ्या हातांत किल्ल्या, तसंच इथं केलं. पासवर्ड बंद लिफाफ्यात, लिफाफा कपाटात, उघडताना दोघी हजर. एकट्या मिस्त्रीकडे पासवर्ड राहिला तर आपलं नेटवर्क त्याच्या मर्जीवर. मांडणीची फाईल पेनड्राईव्हवर घेतली आणि पेनड्राईव्ह दुसऱ्या घरी ठेवला.

बाहेरून येणाऱ्या कनेक्शनच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकला तर बाहेरून उजेडच येत नाही असं समजा. डबा दहा वेळा बंद-चालू करण्यात अर्थ नाही, सरळ तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून घ्या.

विजेचा आणि पैशाचा बंदोबस्त

फायबरनं डेटाच्या वाटेनं येणारी वीज थांबली, पण लाईटच्या वायरीनं ती अजूनही येऊ शकते. म्हणून तिन्ही इमारतींचं अर्थिंग तपासून घेतलं, मेन बोर्डाला सर्ज प्रोटेक्टर लावला आणि प्रत्येक ठिकाणी छोटा यूपीएस ठेवला. एका ठिकाणचा यूपीएस बंद असेल तर मधला धागा शाबूत असूनही काही चालत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजेचा इशारा देतं. इशारा आला की कामापुरतं सोडून बाकीचे प्लग काढतो.

आता पैसे. आम्ही तीन कोटेशन घेतली. सगळ्यात स्वस्तात नाली नव्हती, पाईप नव्हता, तपासणीही नव्हती. ते सगळं ‘नंतर बघू’ होतं. म्हणून आम्ही एकाच यादीवर तिघांकडून दर मागितले आणि शेवटचा हप्ता राखून ठेवला. पाच गोष्टी हातात आल्यावरच तो द्यायचा असं आधीच लिहून घेतलं: प्रत्येक धाग्याच्या मोजणीचा कागद, केबल कुठून गेली तो नकाशा, प्रत्येक टोकाला नावाची चिठ्ठी, सगळे पासवर्ड आणि मांडणीची फाईल. पैसे देण्याआधी एक परीक्षाही घेतली. इंटरनेटची वायर काढली, मेन स्विच पाडला आणि काट्यावर एक कट्टा ठेवला. पावती निघाली, तेव्हा सही केली.

मोजणीच्या कागदावर गोदामाच्या एका धाग्याचे आधी ४ डेसिबल आले होते. मिस्त्री म्हणाला, चालेल. पण आमची हिशोब लिहिणारी ताई, जिला त्या वर्षी बोल लागला होता, ती म्हणाली, आमच्या हिशोबात सव्वा बसतात, चार कसे? पिन काढून पुसली, पुन्हा लावली. १.१ आले.

यंदाही दसऱ्याआधी विजा कडाडल्या. लाईट दोन तास गेली. फाटकावर बैलगाड्या, ट्रॅक्टर उभे होते. काटा चालू राहिला, पावत्या निघत राहिल्या आणि वही कपाटातच राहिली.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला एवढंच करा: एक दोरी घ्या, मीटरच्या गाठी मारा आणि आपल्या केंद्राचं, दूध संकलनाचं, मिरची कांडपाचं आवार मोजा. नकाशा काढा. कोटेशन त्याच्यानंतर.